वाट वाकडी करून रावेरखेडीस

इंदूरच्या मराठी घरात पाहुणे आले की त्यांना ओंकारेश्वर आणि महेश्वर दाखविण्याचा परिपाठ आहे. आम्हीही तो आयुष्यभर पाळला. या दोन क्षेत्रांच्या दरम्यान, नर्मदेच्या दक्षिण तीरावर रावेरखेडी आहे व तेथे थोरल्या बाजीराव पेशव्यांची समाधी आहे, हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. शासकीय सेवेची तीन वर्षे तर खरगोन जिल्ह्यातच गेली. सनावद-बेडियाच्या रस्त्याने आमची सरकारी जीप कितीदा धावली असेल! वडील म्हणत, "एकदा मला तिकडे घेऊन चल." पुढच्या दौऱ्यात पाहू, असे आम्ही म्हणत राहिलो.

वडील गेल्यावर अकरा वर्षांनी, सेवानिवृत्त होऊन, दोघा स्नेह्यांसह आम्ही निघालो. बेडियाच्या बाजारात लाल मिरच्यांचे ढीग पडले होते. ठसक्याने बोलवेना, खुणेनेच वाट विचारली.

बाजीराव उत्तरेच्या मोहिमेवर निघाले असता वाटेत वारले, अशी आमची शाळेपासूनची समजूत. वस्तुस्थिती निराळी आहे. १७४० च्या फेब्रुवारीअखेर निजामपुत्र नासिरजंगाशी मुंगी-शेवगावचा तह झाला आणि त्यात हंडिया व खरगोन हे प्रांत बाजीरावांना जहागीर म्हणून मिळाले. त्या नव्या मुलखाची व्यवस्था लावण्यास ते येथे आले होते. ज्या खरगोनचे महसुली कागद आम्ही तीन वर्षे चाळले, ते खरगोन या तहातले, हे आम्हांस समाधीपाशी उभे राहीपर्यंत सुचले नव्हते. ज्वराचे निमित्त होऊन २८ एप्रिल १७४० रोजी त्यांचे देहावसान झाले. वयाची चाळिशीही पुरी झाली नव्हती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बंधू चिमाजीअप्पाही गेले.

समाधी साधी आहे. शनिवारवाडा पाहून आलेल्यास ती फारच लहान वाटेल. भोवती दगडी भिंतीचे आवार, आणि पुढे नदी. महेश्वर धरणाच्या योजनेमुळे ही जागा पाण्याखाली जाईल, अशी धास्ती अनेक वर्षे होती.

घाटावर आम्ही बराच वेळ बसलो. उत्तरेस पैलतीर, त्यापलीकडे माळवा. शिंदे, होळकर, पवार यांच्या फौजा नर्मदा उतरून तिकडे गेल्या, त्यांच्या मागोमाग आपले कारकून, भिक्षुक, शिलेदार गेले. ग्वाल्हेर, इंदूर, धार, देवास येथल्या आपल्या घरांचा पत्ता त्या पैलतीरापासून सुरू होतो. आमचे मूळ पुरुष नेमके कोणत्या घाटाने उतरले, हे वडिलांना विचारायचे राहून गेले. त्यांना कदाचित ठाऊक असावे.

निघताना तेथील रखवालदारास विचारले, "मराठी लोक येतात का हो?"

तो म्हणाला, "पुण्याहून येतात, साहेब. इंदूरचे कमीच."