जमिनीखाली पाहणारे रडार : ते काय सांगते आणि काय सांगू शकत नाही

'गावाबाहेरच्या टेकाडाखाली स्तूप आहे, रडार लावा म्हणजे सिद्ध होईल', असे मेसेज आपल्या ग्रुपवर अधूनमधून फिरतात. तरुण कार्यकर्त्यांसोबत काम करताना आम्हालाही हा प्रश्न विचारला जातो. म्हणून ग्राउंड पेनिट्रेटिंग रडार, म्हणजेच जीपीआर, नेमके काय करते ते येथे मांडत आहोत.

यंत्र कसे चालते?

जीपीआरचा अँटेना जमिनीलगत ठेवून आखलेल्या समांतर रेषांवरून ओढत नेतात. तो जमिनीत रेडिओ लहरी सोडतो. माती, वीट, दगड, पाणी, पोकळी यांचे विद्युत गुणधर्म वेगवेगळे असतात. एका पदार्थातून दुसऱ्यात शिरताना लहरींचा काही भाग परत फिरतो. तो परतायला किती नॅनोसेकंद लागले, यावरून खोलीचा अंदाज बांधतात. त्या मातीतला लहरींचा वेग चुकीचा धरला, तर खोलीही चुकते.

पडद्यावर फोटो दिसत नाही. पाइप किंवा मोठा दगड कमानीसारखा उमटतो, तर सपाट फरशी आडव्या पट्ट्यासारखी. अनेक रेषांची माहिती जोडल्यावर भिंतींचा आराखडा दिसू शकतो.

किती खोल दिसते?

कमी वारंवारितेच्या लहरी खोल जातात, पण बारीक वस्तू दाखवत नाहीत. जास्त वारंवारितेचे उलट. 400 मेगाहर्ट्झचा अँटेना अनुकूल जमिनीत साधारण 2 ते 3 मीटरपर्यंतचे दाखवतो. कोरडी वाळू सर्वांत सोयीची. ओली चिकणमाती लहरी शोषून घेते. आपल्याकडच्या काळ्या मातीत, तीही पावसाळ्यात, पाहणी केली तर फारसे हाती लागत नाही. त्यामुळे 'रडारला काही दिसले नाही' याचा अर्थ 'खाली काही नाही' असा होत नाही.

अयोध्येतील पाहणी

अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाच्या आदेशावरून अयोध्येतील वादग्रस्त जागेची जीपीआर पाहणी झाली. 2003 च्या सुरुवातीला सादर झालेल्या अहवालात 184 'विसंगती' नोंदवल्या होत्या. विसंगती म्हणजे आजूबाजूच्या मातीपेक्षा वेगळे काहीतरी. प्रत्यक्ष उत्खननाने खात्री करावी लागेल, असे त्या अहवालातच म्हटले होते. मार्च 2003 मध्ये न्यायालयाने भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला उत्खननाचा आदेश दिला. त्यानंतरही सापडलेल्या अवशेषांच्या अर्थावर न्यायालयात अनेक वर्षे वाद चालला.

रडार विटेचा काळ सांगत नाही, बांधणाऱ्यांचा धर्मही सांगत नाही. भिंत विहाराची, वाड्याची की धान्याच्या कोठाराची, हे त्याला ठाऊक नसते.

काळ कसा ठरतो?

लुंबिनीच्या मायादेवी मंदिरात 2011 पासून झालेल्या उत्खननात विटांच्या बांधकामाखाली लाकडी वास्तूच्या खांबांचे खळगे सापडले. कोळशाचे रेडिओकार्बन मापन आणि वाळूच्या कणांचे प्रकाशीय कालमापन यांच्या आधारे संशोधकांनी ती वास्तू इ.स.पूर्व सहाव्या शतकातील असल्याचे 2013 मध्ये मांडले. थर न विस्कटता खोदल्यामुळेच हे शक्य झाले.

आपण काय करावे?

स्वतः खणू नये. 1958 च्या कायद्यानुसार संरक्षित क्षेत्रात परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही. संरक्षण नसलेल्या जागीही थर एकदा विस्कटले की कालमापनाचा आधार जातो, आणि नुकसान आपल्याच इतिहासाचे होते.

टेकाडावर दिसणाऱ्या विटांचे व खापरांचे फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून काढा. विटांची मापे, गट क्रमांक, जीपीएस स्थान आणि वडीलधाऱ्यांनी सांगितलेली माहिती लिहून ठेवा. वस्तू जागेवरून हलवू नका. ही नोंद राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे लेखी द्या आणि पोच घ्या.

कुणी रडारचा अहवाल दाखवला तर विचारा : पाहणी कोणत्या ऋतूत झाली, माती कोणती होती, अँटेना किती मेगाहर्ट्झचा होता, दोन रेषांमधील अंतर किती होते, मूळ डेटा कुठे आहे आणि खोदून खात्री केली का? अहवाल आपल्या बाजूचा असला तरी हेच विचारायला हवे. कालाम सुत्त मानणाऱ्या आपल्यासाठी तपासून घेणे ही नवी गोष्ट नाही. उत्खननाआधी 'स्तूप सापडला' असे न लिहिता 'येथे तपासणी व्हावी' अशी मागणी करा. ही मागणी पुराव्यावर उभी असते, म्हणून ती सहज फेटाळता येत नाही.