अंगणात गेलेली शाळा

माझ्या वयाच्या आयटीवाल्यांच्या गप्पांत हल्ली ‘मुलांसाठी वेगळी शाळा’ हा विषय हमखास निघतो. परीक्षा नको, गणवेश नको, मोकळं आवार हवं, एवढी यादी लगेच तयार होते. शाळेत कोण येऊ शकणार नाही, हे मात्र यादीत नसतं. ताराबाई मोडकांची गोष्ट मला सांगावीशी वाटते ती यासाठीच.

ताराबाई (१८९२–१९७३) राजकोटची प्राचार्यपदाची नोकरी सोडून भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. तिथे माँटेसरी पद्धतीवर काम केलं. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, पुढे दादरला शिशुविहार. काम नावाजलं गेलं, पण लाभ बहुतेक शहरातल्या शिकल्यासवरल्या घरांना होत होता. माँटेसरीची साधनं महाग. खेड्याला ती परवडणार कशी?

म्हणून १९४५ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, ताराबाईंनी समुद्रकाठच्या बोर्डी गावात ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. सोबतीला अनुताई वाघ आल्या. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य, आणि मग जिद्दीने शिकून शिक्षिका झालेल्या. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे आले. पैशांची अडचण सुटली.

तरीही दलित वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. आमच्या धंद्यात लोक अ‍ॅप वापरेनासे झाले, की लोकांना दोष देऊन भागत नाही, रचना तपासावी लागते. या दोघींनी तेच केलं. मुलं येत नाहीत ना, मग बालवाडीच वस्तीत न्यायची. तिथल्याच एखाद्या अंगणात मुलांची नखं कापायची, केस विंचरायचे, गाणी आणि खेळ घ्यायचे. अंगणात भरते ती अंगणवाडी.

१९५७ च्या सुमारास काम डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेलं. तिथे अडचण वेगळी होती. मोठी मुलं गुरं राखायची, मुली धाकट्या भावंडांना सांभाळायच्या. मग गुरांमागे कुरणातच शाळा भरू लागली, ती कुरणशाळा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली, ती विकासवाडी. धाकटं भावंड पाळणाघरात ठेवलं की ताई शेजारच्या वर्गात बसायला मोकळी.

प्रत्येक वेळी मुलाची अडचण शाळेने स्वतःच्या अंगावर घेतली. अंतर, खर्च, वेळ, घरकाम, काहीच ‘पालकांचं अज्ञान’ म्हणून झटकलं नाही. चांगल्या शाळेची यापेक्षा सोपी कसोटी मला सापडलेली नाही.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. आज देशात अशी १३ लाखांहून जास्त केंद्रं आहेत. पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी अशा सहा सेवांपैकी शिक्षण ही फक्त एक. ते सगळं सांभाळणाऱ्या सेविकेला पगार नाही, मानधन मिळतं. आपल्या पर्यायी शाळांच्या गप्पांमध्ये तिचं नाव क्वचितच निघतं. देशातली सर्वांत मोठी पर्यायी शाळा मात्र तीच चालवते आहे, तुमच्या-माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे.