सतरा नंबरचा फॉर्म

नववी-दहावीच्या मुलाला शाळेतून काढून घरीच शिकवायचे म्हटले, की ‘हे अमेरिकेतले खूळ’ हा शेरा ठरलेला. वस्तुस्थिती अशी, की घरी शिकणे आपल्याकडे फारसे कधी अडले नाही. अडले ते परीक्षेच्या दारात. पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकवले ते आई-वडिलांनी, तीर्थयात्रेच्या वाटेवर. 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘सरस्वती’ ही पदवी दिली, ती त्यांची विद्वत्ता पारखून. शाळेचा प्रश्नच आला नाही. सरकारी परीक्षेचा खाक्या वेगळा होता. धोंडो केशव कर्वे गावात तयारी करून 1875 साली मुरुडहून कुंभार्ली घाटाने पायी साताऱ्याला परीक्षेला गेले. वयाची अट सतरा वर्षांची. हा मुलगा तेवढा दिसत नाही, असे म्हणून परीक्षकांनी त्यांना बसूच दिले नाही. अभ्यासाबद्दल विचारण्याची वेळच आली नाही. पुढे 1916 साली याच कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले आणि घरी अभ्यास करणाऱ्या बायकांनाही तिथे परीक्षेला बसता आले, यात मला तरी योगायोग दिसत नाही.

यावर आक्षेप असा, की ती माणसे नाइलाजाने घरी शिकली, आजचे पालक हौसेने शिकवतात. दोहोंची तुलना कशाला? आक्षेप खरा आहे. पण हौसेचे पालक ज्या वाटेने जातात ती वाट नाइलाजवाल्यांसाठीच बांधलेली आहे. शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयापुरता, म्हणजे नेमकी हायस्कुलाची वर्षे त्याच्या बाहेर. दहावीला बाहेरून बसायचे तर राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरायचा. तो फॉर्म पाहावा: शाळा सोडल्याचा मूळ दाखला, तो नसेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र, आधारकार्ड, फोटो. शाळा सुटलेल्या गिरणीतल्या पोराला किंवा लग्न झालेल्या मुलीला हे जमते. जी शाळेत गेलीच नाही, तिने सोडल्याचा दाखला आणायचा कुठून? सोबती मिळत नाहीत, प्रयोगशाळा नसते, हे आक्षेपही वजनदार आहेत. मात्र त्यांवर पालक काही ना काही तोड काढतात. दाखल्यावर तोड निघत नाही.

म्हणून अशी मुले राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडे वळतात. 1989 साली स्थापन झालेल्या या संस्थेत माध्यमिकसाठी वय चौदा पूर्ण लागते, आणि पूर्वीच्या शाळेचा कागद नसेल तर अभ्यास पुरेसा झाला आहे असे विद्यार्थ्याने स्वतः लिहून दिले तरी चालते. राज्य मंडळानेही तेवढेच करावे.