मधुमेह आणि श्रवणशक्ती : कानांची तपासणी का व कुठे करावी?

मधुमेह असलेल्यांना डोळे, पाय आणि मूत्रपिंडांची काळजी घेण्यास सांगितले जाते. कानांचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. मधुमेह असलेल्या व्यक्तींमध्ये ऐकू कमी येण्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळले आहे. हा त्रास दुखत नाही आणि हळूहळू वाढतो. त्यामुळे 'वय झाले' असे समजून त्याकडे दुर्लक्ष होते.

कानांवर परिणाम कसा होतो?

आतल्या कानातील नाजूक पेशींना अतिशय बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त मिळते. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिल्यास या रक्तवाहिन्या आणि आवाजाचा संदेश मेंदूकडे नेणाऱ्या नसा खराब होऊ शकतात. अशा प्रकारे गेलेली श्रवणशक्ती बहुधा परत येत नाही. मात्र साखर आटोक्यात ठेवल्यास पुढील नुकसानीचा धोका कमी होतो. शरीराचा तोल सांभाळण्याचे कामही आतला कान करतो, म्हणून तोल जाण्याची तक्रारही डॉक्टरांना सांगावी.

कोणती लक्षणे ओळखावीत?

• समोरच्याला पुन्हा पुन्हा बोलायला सांगावे लागणे
• गर्दीत किंवा फोनवर बोलणे नीट न समजणे
• टीव्हीचा आवाज घरातील इतरांना मोठा वाटणे
• कानात सतत गुणगुण किंवा शिट्टीसारखा आवाज येणे

ही लक्षणे अनेकदा घरच्यांच्या आधी लक्षात येतात. 'मुद्दाम ऐकत नाहीत' असे न म्हणता त्यांनी तपासणीस सोबत जावे. ऐकू कमी येत असल्यास औषधाची किंवा इन्सुलिनची मात्रा चुकीची समजण्याचा धोका असतो. मात्रा नेहमी लिहून घ्यावी.

काय टाळावे?

कानात गरम तेल घालू नये. काडी, पिन घालू नये किंवा रस्त्यावर कान साफ करून घेऊ नये. मधुमेहात कानाच्या नळीला झालेला जंतुसंसर्ग हाडापर्यंत पसरू शकतो. कान खूप दुखत असेल, पाणी किंवा पू येत असेल, अथवा अचानक ऐकू येणे बंद झाले असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

तपासणी कुठे होते?

वय 30 पूर्ण झालेल्यांसाठी आयुष्मान आरोग्य मंदिरात मधुमेहाची तपासणी केली जाते. ऐकण्याची तक्रार असल्यास तेथेच सांगावी किंवा आशाताईंना विचारावे. पुढील तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात पाठवले जाते. मधुमेहाचे निदान झाल्यावर एकदा आणि त्यानंतर दरवर्षी श्रवण तपासणी करून घेणे चांगले.

श्रवणयंत्रासाठी कोणत्या योजना आहेत?

1. राष्ट्रीय वयोश्री योजना : वय 60 किंवा अधिक असलेल्या, दारिद्र्यरेषेखालील अथवा मासिक उत्पन्न 15,000 रुपयांपर्यंत असलेल्या ज्येष्ठ नागरिकांना श्रवणयंत्रासारखी साधने मोफत दिली जातात. त्यासाठी शिबिरात तपासणी होते.

2. एडिप योजना : किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्यांसाठी आहे. उत्पन्नाची मर्यादा लागू आहे. मागील 3 वर्षांत याच कामासाठी सरकारी साधन घेतलेले नसावे.

सोबत काय न्यावे?

• आधार कार्ड
• उत्पन्नाचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेखालील शिधापत्रिका
• दिव्यांगत्व प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (एडिप योजनेसाठी)
• छायाचित्रे
• मधुमेहाची जुनी कागदपत्रे आणि सुरू असलेल्या औषधांची यादी (डॉक्टरांना दाखवण्यासाठी)

शिबिराची तारीख जिल्हा समाजकल्याण कार्यालयात विचारावी. ज्येष्ठ नागरिकांना 14567 या निःशुल्क मदतवाहिनीवरही माहिती मिळते. फोनवर ऐकू येत नसल्यास घरातील दुसऱ्या व्यक्तीने फोन करावा.

शिबिराची वाट पाहत तपासणी लांबवू नका. पुढच्या वेळी साखर तपासायला जाल तेव्हा कानांची तपासणीही करायची आहे, असे डॉक्टरांना स्वतःहून सांगा.