पोटमाळा

स्मरणिकेसाठी तुम्ही काहीतरी जुने लिहा, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले तेव्हा मी लगेच होकार दिला नाही. मंडळाचा इतिहास लिहावा असे त्यांच्या मनात होते. परंतु आपल्या मंडळाच्या पहिल्या सहा वर्षांचा इतिहास कोणालाच लिहिता येणार नाही, आणि तो का लिहिता येणार नाही हे मंडळात मला एकटीलाच पुरते ठाऊक आहे. अमृतमहोत्सवाच्या निमित्ताने ते सांगून टाकावे असे ठरविले आहे. मात्र त्यासाठी मला जरा लांबून, म्हणजे घराच्या छपराकडून यावे लागेल. भगिनींनी कंटाळू नये.

आपल्या जुन्या घरांत सामान ठेवण्याची जागा शोधावयाची तर खाली पाहण्यापेक्षा वर पाहावे लागे. भिंतीत कोनाडा, देवळी, फडताळ, भिंतीला खुंट्या, आढ्याला टांगलेली कपड्यांची दांडी, दूधदुभत्याचे शिंके, कोपऱ्यात मडक्यांची उतरंड. जमीन माणसांना बसा-निजायला मोकळी हवी, म्हणून वस्तू वर चढत गेल्या. कोकणातल्या चुलीवर बांबूची ताटी टांगलेली असे. तिच्यावर पावसाळ्यात सरपण वाळे आणि बियाण्याला धूर लागून कीड दूर राही. त्याच्याही वर माळा. पूर, उंदीर, ओल, चोर आणि घरातली मुले या पाचही शत्रूंपासून जे राखावयाचे ते माळ्यावर जाई. (उंदरांच्या बाबतीत ही योजना फारशी यशस्वी झाली असे मला वाटत नाही.)

देशावर याच्या उलट रीतही होती. धान्यासाठी घरात बळद असे आणि जमिनीच्या पोटात पेव असे. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध होती. तिथल्या मातीत हळद वर्षानुवर्षे टिके. २००५ च्या महापुरात पाणी त्या पेवांत शिरले आणि हळदीची मोठी नासाडी झाली. ती बातमी वाचली तेव्हा मला आमचा नारायण पेठेतला वाडा आठवला.

१२ जुलै १९६१ रोजी मी अकरा वर्षांची होते. सकाळी पानशेतचे धरण फुटले. ते नवे होते, पुरते बांधूनही झाले नव्हते. त्याच्या लोंढ्यापुढे दुपारी खडकवासल्याचे जुने धरणही गेले. आम्हां मुलांना घेऊन आई पर्वतीकडे निघाली, तिच्या हातात देवाचा डबा आणि एक पातेले होते. पातेले का घेतले हे तिला पुढे कधीच सांगता आले नाही. परत आलो तेव्हा तळमजल्याची एक भिंत बसली होती, बळदातले धान्य आंबून त्याचा वास चौकभर सुटला होता, आणि वडिलांच्या पुस्तकांचा चिखल झाला होता. माळ्यावरचे तेवढे जसेच्या तसे राहिले होते. गौरींचे मुखवटे, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, तांब्याचे दोन मोठे हंडे आणि आजोबांच्या वेळची घंगाळी. 'हे अवजड धूड एकदा मोडीत घाला,' असे आई वर्षानुवर्षे त्या हंड्यांविषयी म्हणत आलेली. पण खडकवासला गेला म्हणजे पुण्याचे पाणी गेले. नळ कोरडे पडले, टँकरपुढे रांगा लागल्या, आणि ज्यांच्याकडे मोठी भांडी होती त्यांचे चालले. ते हंडे माळ्यावरून दोरीने उतरविले तेव्हा आई खाली उभी राहून दोन्ही हातांनी त्यांना धरीत होती, ते मला अजून दिसते.

लग्न होऊन १९७१ साली मी मुंबईस, गिरगावातल्या चाळीत आले. इथे एक मौज कळली. पुण्यात आम्ही पहिला मजला, दुसरा मजला म्हणत असू, मुंबईत लोक 'पहिला माळा, दुसरा माळा' म्हणतात. सामान ठेवण्याच्या जागेचे नाव माणसे राहण्याच्या जागेला मिळाले. मग सामानाच्या माळ्याला काय म्हणावे? तर पोटमाळा. पोटजात, पोटकलम, पोटभाडेकरू यांतले 'पोट' तेच हे. गंमत अशी की पुष्कळ चाळींत हा पोटभाडेकरू त्या पोटमाळ्यावरच निजत असे.

पोटमाळा मुंबईत का वाढला याची कारणे साधी आहेत. गिरण्या वाढल्या, माणसे आली, खोल्या तेवढ्याच राहिल्या. १८९६ साली मांडवी भागात प्लेग निघाला, तेव्हा सरकारचे लक्ष या कोंदट घरांकडे गेले. तपासणीची पथके घरात शिरत, उजेड यावा म्हणून कौले काढीत, सामान बाहेर काढून जाळीत. आमच्या आजेसासूबाई तेव्हा आठ वर्षांच्या होत्या. शेजारच्या बिऱ्हाडात आजारी मुलाला माळ्यावर गोधड्यांच्या ढिगामागे लपविले होते, आणि खाली शिपाई उभे असता वरून खोकल्याचा आवाज आला, एवढेच त्या सांगत. पुढे काय झाले हे त्यांनी कधी सांगितले नाही आणि आम्ही कधी विचारलेही नाही. प्लेगनंतर, १८९८ साली, शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. १९२० नंतर वरळी, नायगाव, डिलाइल रोड, शिवडी येथे बी. डी. डी. चाळी उठल्या. त्यांतली खोली १६० चौरस फुटांची. एवढ्या जागेत आठ-दहा माणसांचे कुटुंब राहावयाचे तर डोक्यावरची हवासुद्धा वापरल्यावाचून गत्यंतर नव्हते.

आणि मग १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आला. भाडी गोठली हे भाडेकरूच्या सोयीचे झाले, परंतु त्यामुळे माणूस खोली सोडीनासाही झाला. बिऱ्हाड हलविताना निम्मा पसारा आपोआप निघून जातो, हा आपणां सर्वजणींचा अनुभव आहे. इथे बिऱ्हाड हललेच नाही. त्याच खोलीत आजी, सून, नातसून अशा तीन पिढ्या आल्या आणि प्रत्येकीने आपले काही माळ्यावर चढविले. खाली उतरविले कोणीच नाही. घर झाडून, पुसून, लख्ख ठेवणारी बाईही पोटमाळ्याचा पडदा पाहुण्यांसमोर कधी बाजूला करीत नसे.

आमच्या पोटमाळ्यावर काय होते? १९४३ साली मुंबईत रेशनिंग सुरू झाले तेव्हाचे कार्डांचे गठ्ठे होते. पितळेची पायली, अधोली, शेर ही मापे होती. १९६२ पासून किलोची वजने सक्तीची झाली आणि ती मापे निकामी ठरली, पण टाकवली गेली नाहीत. तांब्याचा बंब होता. घडवंची, पाळण्याच्या साखळ्या, दिवाळीच्या कंदिलाच्या कामट्या होत्या. आणि कोपऱ्यात एका हिरव्या रुमालात बांधलेले काही कागद होते.

इथे मला राजवाड्यांविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करीत जुन्या वाड्यांतली दप्तरे शोधीत हिंडले. त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला, आणि १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. पानिपतच्या आधीच्या दहा-बारा वर्षांचे आपले जे ज्ञान आहे त्यातले पुष्कळसे अशा घराघरांतल्या कागदांवरून आले. हे कागद कापडात बांधलेले असत आणि त्या बासनाला रुमालच म्हणत. पुण्याच्या पेशवे दप्तरात आजही रुमालांवरच मोजदाद होते. कित्येक घरांतले असे रुमाल वाळवीने खाल्ले, कित्येक वाण्याकडे पुड्या बांधण्यास गेले. हे सारे मी शाळेत शिकले होते. शिक्षिका म्हणून पुढे शिकविलेही. एवढे असून पुढची गोष्ट माझ्या हातून घडली.

१९७४ साली आषाढीला सासूबाई पंढरपूरला गेल्या होत्या. त्या वेळी स्टेनलेस स्टीलचे दिवस होते. कल्हईवाल्याची वाट पाहणे नको, चिंचेने घासणे नको, भांडी आपली चकचकीत! चाळीतल्या प्रत्येक खोलीत स्टीलचे डबे ओळीने लागले होते आणि आमच्याकडेच काय ते पितळ. मी ठरविले, सासूबाई परत येण्यापूर्वी माळा स्वच्छ करावयाचा. बंब, मापे, घंगाळे मोडीत घातली. त्या पैशांत दहा स्टीलचे डबे आले. जुनी लुगडी बोहारणीला दिली. कागद रद्दीवाल्याने नेले. रुमाल सोडून पाहण्याचेही कष्ट मी घेतले नाहीत. वरती एक फाटकी गावठी छापाची पावती दिसली, तेवढ्यावरून खालचे सगळे तसेच असेल असे मी धरून चालले.

सासूबाई आल्या. डबे पाहून म्हणाल्या, "छान दिसतात हो." पितळेबद्दल अक्षर काढले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी स्टूल घेऊन माळ्याशी उभ्या राहिल्या आणि मला हाक मारली.

"अगं, वर एक हिरवा रुमाल होता ना?"

मी म्हटले, "आई, तो रद्दीत दिला. जुने कागद होते."

त्या स्टुलावरून सावकाश खाली उतरल्या. म्हणाल्या, "मंडळाची पहिली वही होती त्यात."

मी तशीच रद्दीवाल्याकडे धावले. त्याने माल पुड्या करणाऱ्याला विकला होता. त्या पुड्यावाल्याकडेही गेले. त्याच्या गाळ्यात छपरापर्यंत कागद रचलेला होता आणि त्यातले कोणते आमचे हे ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते. आठ दिवस मी आमच्या वाण्याकडच्या प्रत्येक पुडीचा कागद उलगडून पाहत असे. काही मिळाले नाही.

त्या वहीत काय होते हे सासूबाईंकडून मी पुढे थोडेथोडे काढून घेतले. १९५० साली चाळीच्या गच्चीवर बारा बायका जमल्या त्यांची नावे. दरमहा चार आणे वर्गणी. शिवणयंत्र कोणी आधी वापरावयाचे याचा वाद. एका विधवा बाईला मंडळातून कर्ज दिले, तिने ते फेडले, आणि नंतर तीच खजिनदार झाली. त्या बाईंचे नाव सासूबाईंना आठवत होते, पण ते लिहून ठेवावे हे मला त्या दिवशी सुचले नाही आणि आता सासूबाई नाहीत. मला त्या कधी रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

पुढे एकदा पुण्यास राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहण्यास गेले. दिनकर केळकर, म्हणजे कवी 'अज्ञातवासी', यांनी १९२० च्या सुमारापासून दिवे, अडकित्ते, डबे, दौती अशा घरगुती वस्तू एकेक करून जमविल्या आणि त्या संग्रहाला आपल्या गेलेल्या मुलाचे नाव दिले. लोक ज्याला अडगळ म्हणत ते त्यांनी काचेमागे ठेवले. तिथे एका समईपुढे मी बराच वेळ उभी होते. तशीच आमच्याकडे होती. पण खरे सांगते, मला समईचे, बंबाचे दुःख नाही. ती पितळ वितळून दुसऱ्या कोणाकडे काहीतरी झाली असेल, आणि सगळेच ठेवू म्हटले तर माणसांनी कोठे राहावे? आमची भाची अमेरिकेत न्यू जर्सीला असते. तिच्या गाडीखान्यात छतापासून लोखंडी फळ्या टांगलेल्या आहेत आणि खाली गाडी उभी राहावयाची ती जागाही खोक्यांनी भरल्यामुळे गाडी बाहेर बर्फात असते. त्या फळीवर गणपतीचे मखर आहे, तेवढे मात्र तिने मला कौतुकाने दाखविले. चुकले ते माझे टाकण्यात नव्हे, न सोडता टाकण्यात चुकले.

आता अलीकडचे. आपली इमारत पुनर्विकासाला जाणार म्हणून गेल्या महिन्यात मंडळाच्या कार्यालयाचा पोटमाळा रिकामा करण्यास घेतला. तरुण कार्यकर्त्या फार उत्साही. तिरडीसारखी वाकलेली बाके, मोडके हार्मोनियम, नाटकाचे पडदे असे एकेक खाली येऊ लागले. एक पत्र्याची ट्रंक आली. "काकू, हे कागदच आहेत, रद्दीवाला खाली उभा आहे," असे एकीने सांगितले. मी म्हटले, "त्याला चहा द्या आणि बसवून ठेवा." ट्रंक मी स्वतः उघडली.

आत इतिवृत्ताच्या आणि जमाखर्चाच्या अकरा वह्या निघाल्या. सर्वांत जुनी १९५६ सालची. म्हणजे मी घालविली तिच्या पुढची. अक्षर सासूबाईंचे आहे. पहिल्या पानावर पहिलीच नोंद अशी आहे: मागील वहीवरून पुढे ओढलेली शिल्लक, रुपये ४१, आणे ६, पै ३.

पहिल्या सहा वर्षांचे एवढेच आपल्याजवळ उरले आहे. त्या पानाचे छायाचित्र या स्मरणिकेत अन्यत्र छापले आहे. १९५० ते १९५६ या काळातली वर्गणीची पावती, एखादा फोटो, निमंत्रणपत्रिका, काहीही कोणाच्या माळ्यावर असेल तर कृपा करून आणून द्यावे. ज्यांना वर चढणे झेपत नाही त्यांनी निरोप पाठवावा. दोघी मुली आणि शिडी रविवारी सकाळी मोकळ्या असतात.