एका जागेची चरबी

“पोट तेवढें उतरवा, बाकी कांहीं नको,” ही मागणी वैद्यांना, तालमींतल्या वस्तादांना आणि यंत्रें विकणाऱ्यांना आज कित्येक पिढ्या सारखी ऐकावी लागत आहे. कोणाला हनुवटीखालची वळी नको असते, कोणाला दंडाचा लोंबता भाग, कोणाला मांडी. मागणाऱ्याच्या मनांत शरीराचें एक सोपें चित्र असतें : भिंतीवर गिलावा जेथें जाड झाला असेल तेथें थापी फिरवावी, आणि तेवढाच खरवडून काढावा. श्रोतेहो, हें चित्र कसें टिकून राहिलें आणि अखेर तें कोणी व कशानें मोडलें, याचा वृत्तांत मीं आज सांगावयाचें योजिलें आहे.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ही समजूत अगदींच अडाणीपणाची नाहीं. लोहाराचा घण मारणारा हात दुसऱ्या हाताहून निराळा दिसतो, हें सर्वांनीं पाहिलेलें असतें. ज्या अवयवाला काम द्यावें त्याचा आकार बदलतो, मग पोटाला काम दिलें तर पोट कां बदलूं नये? पण या युक्तिवादांत एक गोम आहे. कामानें वाढतो तो स्नायु, आणि आपल्याला घालवावयाचा असतो तो त्या स्नायूवर बसलेला मेद. कोल्हापूरच्या तालमींत पोरें बैठका काढतात तीं मांडी भरावी म्हणून. मांडी बारीक व्हावी म्हणून बैठका काढणारा गडी तेथें हास्यास्पदच ठरेल! शहरांतील माणूस मात्र तोच व्यायाम नेमका उलट आशेनें करतो, आणि दोघांनाही आपली आशा स्वाभाविक वाटते.

आपल्याकडील जुन्या वैद्यांनीं या प्रश्नाकडे निराळ्या दृष्टीनें पाहिलें होतें. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील २१ व्या अध्यायांत आठ प्रकारच्या निंद्य शरीरांचें वर्णन आहे, त्यांत अतिस्थूल माणूस येतो. त्याचे नितंब, उदर आणि स्तन चालतांना हलतात, असें चरकानें नेमकें टिपलें आहे. म्हणजे मेद कोठें सांठतो हें त्याच्या नजरेंतून सुटलेलें नाहीं. तथापि उपाय सांगतांना तो एकट्या उदराचा उपाय सांगत नाहीं. आहार बदलावा, व्यायाम हळूहळू वाढवावा, जागरण व चिंतन वाढवावें, असा सर्व देहाला लागू पडणारा क्रम तो देतो. (चिंतनानें माणूस रोडावतो हें निरीक्षण मुलींच्या लग्नाच्या काळजींत असलेल्या बापांना पटेल.) उटणें चोळल्यानें मेद विरघळतो ही समजूतही आयुर्वेदांत आहे, आणि पुढें यंत्रवाल्यांनीं जगभर जी विकली ती याच समजुतीची विलायती बहीण होय.

आधुनिक काळाचा आरंभ लंडनच्या विल्यम बँटिंगपासून धरण्याची रीत आहे. हा गृहस्थ डॉक्टर नव्हता. प्रतिष्ठितांच्या अंत्यविधींची व्यवस्था पाहणें हा त्याच्या घराण्याचा धंदा. १८५२ सालीं ड्यूक ऑफ वेलिंग्टनची अंत्ययात्रा निघाली तिची व्यवस्थाही याच पेढीकडे होती. १८६२ सालीं त्याचें वय ६६, उंची ५ फूट ५ इंच आणि वजन २०२ पौंड होतें. त्याला वांकून बुटाची नाडी बांधतां येत नसे, आणि जिना उतरावयाचा तर पाठमोरें होऊन सावकाश उतरावें लागे. वैद्यांच्या सांगण्यावरून त्यानें नाव वल्हविली. अंगांत जोर आला, पण त्याबरोबर भूकही अशी खवळली कीं वजन वाढतच गेलें. तुर्की स्नानें झालीं, समुद्रस्नानें झालीं, घोड्यावर बसून झालें. शेवटीं कानाला ऐकूं येईना म्हणून तो विल्यम हार्वी नांवाच्या कानाच्या शस्त्रवैद्याकडे गेला. हार्वीनें कानाऐवजीं ताटावर बोट ठेवलें : पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे बंद! सुमारें एका वर्षांत वजन ४६ पौंडांनीं उतरलें आणि कंबरेचा घेर सव्वाबारा इंचांनीं कमी झाला. कान सुधारले ते वेगळेच. १८६३ सालीं बँटिंगनें ही हकीकत स्वतःच्या खर्चानें छापून फुकट वांटली. ती इतकी गाजली कीं त्याच्या आडनांवाचें इंग्रजींत क्रियापद झालें. स्वीडिश भाषेंत आजही पथ्यानें वजन उतरविण्याला त्याच्याच नांवावरून बनलेला शब्द आहे.

बँटिंगच्या पुस्तिकेचें महत्त्व माझ्या मतें आहाराच्या यादींत नाहीं, कारण तिच्यावर पुढें पुष्कळ वाद झाले. महत्त्व यांत आहे कीं, कंबरेसाठीं वेगळें कांहींही न करतां कंबर उतरली. हा पुरावा सर्वांच्या समोर होता, पण तो कोणाला नकोसा होता. लोकांना पाव सोडावयाचा नव्हता.

त्यांची ही नड यंत्रांनीं भागविली. स्टॉकहोममध्यें गुस्ताफ झांडर या डॉक्टरनें १८६५ सालीं यंत्रांच्या साह्यानें व्यायाम देणारी संस्था उघडली होती. त्याचा हेतु औषधोपचाराचा होता आणि तो प्रामाणिक होता. पण त्याच्या यंत्रांत पोट मळणारें आणि अंग हलविणारेंही यंत्र होतें, आणि रोग्यानें नुसतें उभें रहावें व काम यंत्रानें करावें ही कल्पना श्रीमंतांना फारच मानवली. १९१२ सालीं बुडालेल्या टायटॅनिक जहाजाच्या व्यायामशाळेंत विजेवर चालणारा घोडा आणि उंटही होता! पुढें अमेरिकेंत कंबरेभोंवतीं रुंद पट्टा अडकवून माणसाला गदगदां हलविणारीं यंत्रें आलीं, मांड्यांवरून लांकडी लाटणीं फिरविणारीं आलीं. ताक घुसळल्यानें लोणी वर येतें हें खरें. परंतु मेद हा पेशींच्या आंत असतो, आणि बाहेरून घुसळल्यानें तो पेशी सोडून जात नाहीं.

या धंद्याचें टोंक म्हणजे १९४९ च्या सुमारास अमेरिकेंत निघालेलें रिलॅक्सॅसायझर नांवाचें उपकरण. ओलसर गाद्या पोटावर किंवा मांडीवर बांधावयाच्या आणि विजेचे झटके देऊन खालचा स्नायु आखडवावयाचा. आरामखुर्चींत पडून सडपातळ व्हा, असा त्याचा पुकारा असे. सुमारें चार लक्ष उपकरणें विकलीं गेलीं. अखेर अमेरिकन सरकारनें दावा लावला. कित्येक महिने साक्षी झाल्या, आणि १९७० सालीं लॉस एंजेलिस येथील न्यायाधीशानें हें उपकरण हृदयविकार, अपस्मार इत्यादि असलेल्यांस धोक्याचें ठरवून त्याच्या विक्रीस मनाई केली. असल्या वस्तूंची शिफारस करणारे सारेच खोटें बोलत होते असें मला वाटत नाहीं. पोटाचे स्नायु घट्ट झाले कीं आंतील अवयव सांवरून धरले जातात आणि मेदाचा कणही न घटतां कंबरपट्टा एखादें भोंक आंत जातो. फितीवर तें दिसतें. फीत खोटें बोलत नाहीं, पण काय कमी झालें तेंही ती सांगत नाहीं.

खरें उत्तर व्यायामशाळेंतून आलें नाहीं; तें रसायनशाळेंतून आलें. फ्रेंच शास्त्रज्ञ शव्हरल यानें १८२३ सालींच दाखविलें होतें कीं, प्राण्यांची चरबी ग्लिसरीन आणि मेदाम्लें यांच्या संयोगानें झालेली असते. तरीही शतकभर अशी समजूत राहिली कीं, अंगावरची चरबी म्हणजे अडगळींत ठेवलेला माल. गरज पडली तरच त्याला हात लावावयाचा. ही समजूत मोडली रुडॉल्फ शोनहाइमर यानें. जर्मनींत नाझी सत्ता आल्यावर १९३३ सालीं हा ज्यू शास्त्रज्ञ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत आला. तेथेंच हॅरल्ड यूरी यानें जड हायड्रोजन शोधून काढला होता. शोनहाइमर व त्याचा सहकारी रिटेनबर्ग यांनीं हा जड हायड्रोजन तेलांत गुंफून तें तेल उंदरांना चारलें, म्हणजे खुणेचीं नाणीं चलनांत सोडावीं तसें केलें. अपेक्षा अशी कीं खाल्लेलें तेल लागलीच जळेल. १९३५ सालीं निष्पन्न झालें तें वेगळेंच. खुणेचा बराच मेद आधीं सांठ्यांत गेला होता आणि जळत होता तो सांठ्यांतला. उंदीर पोटभर खात नसले तरीही हा व्यवहार चालूच होता. म्हणजे चरबी ही अडगळ नव्हे. ती रोज उघडणारी आणि रोज मिटणारी पेढी आहे. शोनहाइमर १९४१ सालीं, ४३ वर्षांचा असतांना वारला. एवढ्या थोड्या आयुष्यांत त्यानें शरीराविषयींचा विचारच पालटून टाकला, तरी त्याचें नांव आपल्याकडे शाळांतून क्वचितच ऐकूं येतें.

या पेढींतील नाणें स्नायूपर्यंत कसें पोंचतें हा दुवा १९५६ सालीं जुळला. अमेरिकेंत डोल व गॉर्डन यांनीं आणि स्वीडनमध्यें लॉरेल यांनीं स्वतंत्रपणें दाखविलें कीं, मेदपेशींतून सुटलेलीं मेदाम्लें रक्तांतील अल्ब्युमिन नांवाच्या प्रथिनावर स्वार होऊन सर्व देहभर फिरतात. येथें आपल्या प्रश्नाचा निकाल जवळजवळ लागला. पोटाचा स्नायु काम करूं लागला म्हणजे तो आपल्या वरच्या थराला हात घालीत नाहीं. तो रक्ताकडे मागतो. रक्तांत मेद येतो तो मान, पाठ, मांडी, पोट या सर्व कोठारांतून. शेजारी रहातो म्हणून कोणाला आधीं वाटा मिळत नाहीं.

तर्क झाला, आतां प्रत्यक्ष पाहणें राहिलें होतें. १९७१ सालीं कॅलिफोर्नियांत ग्विनप् व त्याच्या सहकाऱ्यांना एक सुरेख युक्ति सुचली. टेनिस खेळणारा माणूस वर्षानुवर्षें एकच हात चालवितो. दुसरा हात त्याच माणसाचा, त्याच अन्नावर पोसलेला. खेळणाऱ्या हाताचा घेर मोठा निघाला, पण त्वचेखालच्या मेदाची जाडी दोन्ही हातांत सारखीच. १९८४ सालीं मॅसॅच्युसेट्समध्यें १३ पुरुषांनीं २७ दिवसांत प्रत्येकीं ५००४ वेळां उताणें निजून धड उचललें. त्यांच्या पोटाच्या, पाठीच्या व नितंबाच्या मेदपेशी सुईनें काढून मोजल्या. पेशी थोड्या लहान झाल्या होत्या, पण तिन्ही ठिकाणीं सारख्याच प्रमाणांत. वजनांत आणि अंगच्या एकंदर मेदांत फरक नव्हता. बिचाऱ्या पोटाच्या पदरीं एवढ्या श्रमांचें विशेष बक्षीस कांहींच पडलें नाहीं.

एक मौज मात्र सांगितली पाहिजे. २००७ सालीं शंभरावर माणसांना बारा आठवडे एकाच हाताचा व्यायाम देण्यांत आला. त्वचेची चिमट धरून मोजणाऱ्या साधनानें पाहतां पुरुषांच्या त्या हाताची चरबी घटलेली दिसली. चुंबकीय प्रतिमा घेऊन पाहतां तसें कांहीं झालेलें नव्हतें. मापनाचें साधनच आशेच्या बाजूनें साक्ष देऊं लागलें तर सामान्य माणसानें काय करावें?

दुसरी बाजूही झांकून ठेवणें योग्य नव्हे. त्याच वर्षीं डेन्मार्कमध्यें आढळलें कीं, काम करणाऱ्या स्नायूलगतच्या मेदांत रक्त जास्त वाहतें आणि तेथील मेद किंचित् अधिक सुटतो. पण तो किती? शंभर ग्रॅम मेदामागें अर्ध्या तासांत एकदोन मिलिग्रॅम. २०२३ सालीं नॉर्वेंत मूठभर पुरुषांवर झालेल्या एका प्रयोगांत पोटाच्या दीर्घ व्यायामानें धडावरील मेद अधिक उतरल्याचें दिसलें. मोठ्या संख्येवर तें पुन्हां दिसेल तर विचार बदलावा लागेल. तोंपर्यंत टेनिसपटूंचे हात मला अधिक बोलके वाटतात.

मग मेद एखाद्या ठिकाणाहून आधीं जातो व दुसऱ्या ठिकाणीं चिकटून बसतो तो कशानें? तें व्यायाम ठरवीत नाहीं. तें स्त्री-पुरुषभेद, वय, वंश आणि अंतःस्राव हीं ठरवितात. मार्सेय येथील झां व्हाग यानें १९४७ सालीं पोटाकडे सांठणारा मेद आणि नितंब-मांड्यांकडे सांठणारा मेद यांत भेद केला, आणि पहिला प्रकार मधुमेहादि रोगांशीं निगडित असल्याचें सांगितलें. या भेदाचें गांभीर्य आपल्या पुण्यानें जगाला शिकविलें आहे. पुण्याच्या के. ई. एम्. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं २००४ सालीं स्वतःचें आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचें छायाचित्र शेजारीं शेजारीं छापलें. दोघांचें वजन उंचीच्या मानानें अगदीं सारखें. पण युडकिन यांच्या अंगांत मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगांत २१.२ टक्के! पुण्याभोंवतालच्या खेड्यांत जन्मणारीं अर्भकें सरासरी २.७ किलोग्रॅमचीं, इंग्लंडांत साउदॅम्प्टनचीं ३.५ किलोग्रॅमचीं; तरी आपल्या अर्भकांचें मांस जितकें कमी भरलें तितका मेद कमी भरला नाहीं. अंगानें किरकोळ दिसणारा मराठी माणूस पोटांत मेद बाळगून असतो, आणि आपण लठ्ठ नाहीं या समाधानांत मधुमेह गांठतो. म्हणून पोटाची चिंता ही केवळ आरशाची चिंता नव्हे. त्यांत दिलाशाची गोष्ट अशी कीं, आंतड्यांभोंवतींचा हा घातक मेद सर्वांगाच्या व्यायामाला इतर मेदाहून लवकर वश होतो. रोज झपाझप चालणाऱ्याचा तो उतरतो, फितीवर फारसें कांहीं दिसण्याच्या आधींच. पोट दिसायला तसेंच राहिलें म्हणून महिन्याभरांत चालणें सोडणारीं माणसें नेमका झालेला लाभ गमावतात.

राहतां राहिली सुरी. एका जागेची चरबी त्या मार्गानें खरोखर काढतां येते. अमेरिकेंत हॉवर्ड केली यानें १८९९ सालीं पोटावरील मेदाचा थर कापून काढला, आणि १९७० नंतर रोममध्यें फिशर व पॅरिसमध्यें इलूझ यांनीं नळीनें मेद ओढून घेण्याची पद्धत रूढ केली. २००४ सालीं १५ लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरून अशा रीतीनें सुमारें दहा दहा किलोग्रॅम मेद काढला. पण त्यांचा रक्तदाब, रक्तांतील साखर, रक्तांतील मेद यांत कांहींच सुधारणा झाली नाहीं, कारण नळी त्वचेखालीं फिरते आणि घातक मेद असतो आंतड्यांपाशीं. २०११ सालीं कोलोरॅडो विद्यापीठानें प्रसिद्ध केलेली हकीकत तर याहून विलक्षण आहे. तेथें स्त्रियांच्या मांड्या, नितंब किंवा खालचें पोट यांवरचा मेद ओढून काढला व त्यांना वर्षभर नजरेखालीं ठेवलें. मांड्या बारीक राहिल्या. पण वर्ष संपतांना अंगांतील एकंदर मेद पूर्वीइतकाच भरला होता, आणि तो मुख्यतः पोटावर येऊन बसला होता.