'पाथ' आला कुठून?

बी. ए.ला असताना माझ्याकडे एक वही होती. इंग्रजीतला एखादा शब्द आपल्याकडच्या शब्दासारखा दिसला की मी तो तिच्यात टिपून ठेवी. पहिल्या पानावरची पहिलीच जोडी होती, 'पाथ' बरोबर 'पथ'. अर्थ एक, उच्चारही जवळजवळ एक. आणखी पुरावा काय हवा? पुढे कितीतरी वर्षं ही जोडी मी व्याख्यानांतून ऐटीत सांगत आलो. मग एकदा कार्यक्रम संपल्यावर एक निवृत्त प्राध्यापक जवळ आले आणि हळूच म्हणाले, "कविराज, जरा 'फादर' आठवा की!"

घरी येईपर्यंत आठवलं, आणि चांगलाच वरमलो.

बघा, संस्कृतात 'पितृ', तर इंग्रजीत 'फादर'. 'पद' म्हणजे 'फूट', 'पंच' म्हणजे 'फाइव्ह'. शब्दारंभी आपल्याकडे 'प' असेल, तर त्याच्या इंग्रजी भावंडात 'फ' येतो. परीकथा जमवणाऱ्या दोघा ग्रिम बंधूंपैकी थोरले याकोब, त्यांनी १८२२ साली ही शिस्त नीट मांडून दाखवली. तिच्या हिशेबानं 'पथ'चा सख्खा भाऊ 'फ'नंच सुरू व्हायला हवा. तो आहेही. तो म्हणजे 'फाइंड'! मूळ अर्थ चालणं, वाट तुडवणं; चालता चालता काही समोर येणं; आणि मग सापडणं. 'पंथ'मधला अनुस्वारसुद्धा त्यानं 'न'च्या रूपात जपून ठेवलाय. इतकी वर्षं मी तोंडावळा पाहून नातं ठरवत होतो, आणि खरा नातेवाईक शेजारून निघून जात होता.

मग 'पाथ' कोण? तो जुन्या इंग्रजीत आहे, त्याची भावंडं जर्मन आणि डच भाषांतही आहेत. म्हणजे या भाषा वेगळ्या होण्याआधीच तो त्यांच्या घरात आला असला पाहिजे. पण तो जन्मानं घरचा नव्हे. बऱ्याच अभ्यासकांचा कौल असा, की तो एखाद्या इराणी भाषेतून घेतलेला आहे. काळ्या समुद्राच्या उत्तरेला गवताळ मैदानांत इराणी भाषा बोलणाऱ्या घोडेस्वार टोळ्या फिरत. आपल्या पंचांगात 'शक' म्हणून ज्यांचं नाव उरलंय, त्यांचेच हे भाऊबंद. वाटेचा शब्द वाटेवरच्या माणसांकडून घेतला, यात नवल ते काय!

इंग्रजांची आणखी एक गंमत सांगतो. आपण ज्याला सर्रास 'रोड' म्हणतो, तो या घरातला धाकटा. जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ होता घोडदौड, स्वारी. पायाखालचा रस्ता असा अर्थ त्याला सोळाव्या शतकाच्या अखेरीस मिळाला. त्याआधीचा कारभार 'वे', 'पाथ' आणि 'स्ट्रीट' यांच्यावर चाले. 'स्ट्रीट' लॅटिनमधला, दगड पसरून केलेला रोमन रस्ता. शेक्सपिअरचं गाव स्ट्रॅटफर्ड, म्हणजे असा रस्ता नदी ओलांडतो तो उतार. यॉर्क शहरात तर रस्त्यांनाच 'गेट' म्हणतात, कारण उत्तरेकडून आलेल्या डेन लोकांच्या बोलीत गल्लीला तसाच शब्द होता. आणि तिथल्या वेशींना म्हणतात 'बार'. आपल्याकडचा पाहुणा तिथं हमखास चुकायचा.

पण मला सगळ्यात विचारात पाडलं ते 'ट्रेड' या शब्दानं. चौदाव्या शतकात तो उत्तर जर्मनीकडच्या बोलीतून आला, तेव्हा त्याचा अर्थ होता माग, जहाजाची ठरलेली वाट. मग रोजची वहिवाट, मग धंदा, मग व्यापार. १६०० साली लंडनमध्ये जी कंपनी निघाली, तिच्या लांबलचक अधिकृत नावात हाच शब्द होता: पूर्वेकडे 'ट्रेड' करणारे व्यापारी. जुनी वाट त्या शब्दात तोवर बुजून गेली होती.

आणि आपला 'रस्ता'? तो फारसीतला. 'रास्त' म्हणजे सरळ, त्यावरून 'रस्ता'. हाच 'रास्त' इंग्रजी 'राइट'च्या गोत्रातला, तोही मुळात 'सरळ' याच अर्थाचा. उलट 'राँग' म्हणजे मुळात पिळलेलं, वाकडं. रास्त भावाच्या दुकानासमोर रांगेत उभं राहून कुणी हे नातं मोजत नाही, ते ठीकच आहे.

"मुसलमान असून तुम्ही मराठीत कसे लिहिता?" हा प्रश्न मला आजही विचारला जातो. विचारणारा बहुधा चांगल्या मनाचा असतो. हल्ली मी त्याला विचारतो, "तुम्ही इथवर कुठल्या रस्त्यानं आलात?" तो रस्त्याचं नाव सांगतो. मी 'रस्ता' या शब्दाचं गाव सांगतो. मग आम्ही चहा घेतो.

ती वही अजून आहे. पहिलं पान मी फाडलं नाही. 'पाथ' आणि 'पथ' यांच्यामधली बरोबरची खूण तेवढी खोडली, तिथं लांबून वळसा घेत येणारा एक बाण काढला, आणि 'पथ'च्या खाली पेन्सिलीनं लिहिलं: 'फाइंड'.